एकच देव, पण कधीपासून? हिब्रू बायबल पहिल्यांदा उघडणाऱ्यांसाठी

मी पहिल्यांदा बायबल वाचायला घेतलं तेव्हा सरळ पहिल्या पानापासून सुरुवात केली. उत्पत्ती संपलं, निर्गम अर्धं झालं, आणि निवासमंडपाचे खांब, आकड्या नि पडद्यांची मापं सुरू झाली. पुस्तक मिटलं ते दोन वर्षं उघडलंच नाही. तुम्ही तसं करू नका. "इस्राएली लोक एकच देव मानायचे, आजूबाजूचे बाकी सगळे अनेक" हे वाक्य आपण कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. ते कितपत खरं आहे हे बायबलच्या पानांतच तपासता येतं, फक्त ती पानं वेगळ्या क्रमानं वाचावी लागतात. तो क्रम खाली देतो आहे.

सामान फार लागत नाही. मराठी बायबलमधला जुना करार (हिब्रू बायबल म्हणजे हाच भाग), एक वही, पेन्सिल. हिब्रू येत नसलं तरी अडत नाही, पाच-सहा शब्द कळले की पुरे. श्रद्धेनं वाचणाऱ्यालाही ही वाट चालता येते. मात्र आपण इथे "देव आहे का" हे विचारत नाही आहोत. "त्या काळी कोण कुणाला भजत होतं आणि ते कशावरून कळतं" एवढंच विचारतो आहोत.

पहिली पायरी: नावं वेगळी करा

मराठी बायबलमध्ये जिथे "परमेश्वर" छापलेलं असतं तिथे मूळ हिब्रूत बहुतेक ठिकाणी चार अक्षरांचं एक विशेषनाम आहे: योद, हे, वाव, हे. अभ्यासक त्याचा उच्चार "याहवे" करतात. ज्यू लोक ते नाव उच्चारत नाहीत, त्याजागी "अदोनाय" म्हणजे "माझा प्रभू" म्हणतात. जिथे नुसतं "देव" असतं तिथे मुळात बहुधा "एलोहीम" असतं. "परात्पर देव" म्हणजे एल एल्योन आणि "सर्वसमर्थ देव" म्हणजे एल शद्दाय. उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि दुसरा अध्याय शेजारी ठेवा. पहिल्यात सगळीकडे "देव" आहे, दुसऱ्यात चौथ्या ओवीपासून "परमेश्वर देव" सुरू होतं. वहीत पहिली नोंद ही करा.

एलोहीम हा शब्द रूपानं अनेकवचनी आहे. आपल्याला लगेच आदरार्थी बहुवचन आठवतं, पण फरक आहे. आपण "बाबा आले" म्हणतो, म्हणजे आदर क्रियापदापर्यंत पोचतो. हिब्रूत इस्राएलाच्या देवाबद्दल बोलताना कर्ता अनेकवचनी आणि क्रियापद मात्र एकवचनी, जणू "बाबा आला". इतर देवांबद्दल हाच शब्द आला की क्रियापदही अनेकवचनी होतं.

आणखी एक गंमत मराठीतच दिसते. उत्पत्ती १:२६ (म्हणजे अध्याय १, ओवी २६) मध्ये देव म्हणतो, "आपण मनुष्य करू." हिब्रूला "आम्ही" आणि "आपण" यांत भेद करता येत नाही. मराठी अनुवादकाला तो करावाच लागतो, आणि "आपण" म्हटलं की समोर कुणीतरी बसलेलं आहे हे आपोआप कबूल होतं. समोर कोण बसलंय, हे पुढे येईलच.

दुसरी पायरी: समासात तीन खुणा

दुसऱ्या देवाचं नाव किंवा चाहूल लागली की समासात तीनपैकी एक अक्षर लिहा. "मि" म्हणजे मिसळला: त्याचं नाव आणि गुण याहवेनं घेतले. "उ" म्हणजे उतरवला: तो आहे, पण आता दरबारी, दूत किंवा चाकर झालाय. "ना" म्हणजे नाकारला: तो देवच नाही, लाकूड-दगड आहे. माझा अनुभव असा की या तीन खुणांनी जेवढं उलगडतं तेवढं मोठमोठ्या संज्ञांनी उलगडत नाही. तरी संज्ञा माहीत असाव्यात. अनेक देव आहेत असं मानून त्यांतल्या एकालाच भजणं म्हणजे एकदेवोपासना. एकाशिवाय दुसरा देव अस्तित्वातच नाही असं म्हणणं म्हणजे एकेश्वरवाद. पहिली आज्ञा (निर्गम २०:३) पुन्हा वाचा. माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत, एवढंच ती सांगते. दुसरे देव नाहीतच, असं तिथे म्हटलेलं नाही.

पहिला "मि" निर्गम ६:२-३ मध्ये मिळेल. देव मोशेला सांगतो की अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांना मी एल शद्दाय म्हणून दिसलो, माझं "याहवे" हे नाव त्यांना ठाऊक नव्हतं. दोन नावांचा सांधा लेखकानं इथे उघड जुळवून दाखवला आहे. "इस्राएल" या नावातसुद्धा एल आहे, याहवे नाही. या नावाचा सर्वात जुना निर्विवाद उल्लेख इजिप्तच्या मेर्नेप्ताह राजाच्या शिळेवर आहे, साधारण इ. स. पू. १२०८ मधला. तिथे इस्राएल हे एका लोकसमूहाचं नाव म्हणून येतं.

तिसरी पायरी: शेजारच्या घरात डोकावा

सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा इथे १९२८ मध्ये एका शेतकऱ्याचा नांगर दगडी थडग्याला लागला. पुढच्या वर्षी उत्खनन सुरू झालं आणि उगारीत हे शहर वर आलं. ते इ. स. पू. १२०० च्या आगेमागे उद्ध्वस्त झालं होतं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर आख्खं देवघर आहे. म्हातारा, दयाळू, सभेचा प्रमुख एल. त्याची बायको अथिरत, म्हणजे हिब्रूतली अशेरा. त्यांचे सत्तर पुत्र. ढगांवर स्वार होऊन पाऊस आणणारा बआल. त्याची बहीण, लढवय्यी अनत. समुद्र याम आणि मृत्यू मोत. बआलच्या कथांत सात डोक्यांचा लोतान नावाचा साप मारला जातो. यशया २७:१ मध्ये लिव्याथान या राक्षसी सापाचं जे वर्णन आहे ते या सापाच्या वर्णनाशी जवळपास शब्दाला शब्द जुळतं. स्तोत्र ६८ मध्ये ढगांवर स्वार होणारा मात्र याहवे आहे. "मि" लिहा.

"बआल" हा शब्द मराठी वाचकाला सहज कळावा. त्याचा अर्थ धनी. मालक तो धनी आणि बाईनं नवऱ्याला हाक मारायची तीही धनी, हा आपल्याकडच्या जुन्या बोलीतला दुहेरी अर्थ हिब्रूतही तस्साच आहे. होशेय २:१६ मध्ये याहवे इस्राएलाला सांगतो की यापुढे तू मला "माझा बआल" म्हणणार नाहीस, "माझा पती" म्हणशील. म्हणजे तोवर लोक त्यालाही बआल म्हणत असावेत. शौल राजाच्या एका मुलाचं नाव इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात एश्बाल आहे, तर शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात ईश्बोशेथ. बोशेथ म्हणजे लाज. नावातला देव कुणीतरी नंतर खरवडून काढला आणि तिथे शिवी बसवली.

चौथी पायरी: हे उतारे याच क्रमानं वाचा

आधी शास्ते ११:२४. इस्राएलाचा सरदार इफ्ताह शत्रूच्या राजाला म्हणतो, तुझा देव कमोश तुला जे देतो ते तू घे, आमचा देव आम्हाला देतो ते आम्ही घेऊ. वाद जमिनीचा आहे, कमोश आहे की नाही हा नाही. मग १ शमुवेल २६:१९. दावीद तक्रार करतो की मला याहवेच्या वतनातून हाकलून देणाऱ्यांनी जणू सांगितलं, जा, दुसऱ्या देवांना भज. प्रत्येक देवाचा अंमल आपापल्या शिवेपर्यंत, हा हिशेब गावदेव माहीत असलेल्या माणसाला वेगळा समजवावा लागत नाही.

नंतर २ राजे ५ सावकाश वाचा. अरामी सेनापती नामानाचं कोड बरं होतं. इस्राएलाशिवाय कुठेच देव नाही, असं तो जाहीर करतो आणि लगेच दोन खेचरांवर मावेल एवढी तिथली माती मागतो, दमास्कसला नेऊन तिच्यावर याहवेची पूजा करायला! वर विचारतो की मालकाच्या सोबत रिम्मोनाच्या देवळात वाकावं लागलं तर चालेल ना? संदेष्टा (देवाचा निरोप सांगणारा) अलीशा त्याला ओरडत नाही, "शांतीनं जा" म्हणतो. या एका अध्यायात जुनी समजूत आणि नवी समजूत एकाच माणसाच्या तोंडी आहे. मला जुन्या करारातला हा सर्वात माणुसकीचा प्रसंग वाटतो.

आता स्तोत्र ८२. देव देवांच्या सभेत उभा राहतो आणि इतर देवांना फैलावर घेतो: तुम्ही गरिबाला न्याय दिला नाही, तुम्ही माणसांसारखे मराल. उत्पत्तीतल्या त्या "आपण"मध्ये कोण बसलं होतं याचं उत्तर इथे मिळतं. समासात "उ" लिहा, आणि शेजारी एक प्रश्नचिन्ह, कारण शिक्षा उतरवण्यापेक्षा जबर आहे.

शेवटी अनुवाद ३२:८-९. परात्परानं राष्ट्रांना वाटे करून दिले आणि याकोब, म्हणजे इस्राएल, हा याहवेच्या वाट्याला आला, असं ते काव्य आहे. परंपरागत हिब्रू पाठात वाटणी "इस्राएलाच्या पुत्रांच्या" संख्येनुसार होते आणि मराठी प्रतींतही साधारण तसाच अर्थ मिळतो. पण १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांतल्या अनुवादाच्या एका तुकड्यावर "देवाच्या पुत्रांच्या" असं आहे. ग्रीक भाषांतरातला पाठही त्याच बाजूला झुकतो. उगारीतचे सत्तर पुत्र आठवले ना? जुन्या पाठात परात्पर वाटणी करणारा आणि याहवे वाटा घेणारा, असे दोघे असावेत असं अनेक अभ्यासक म्हणतात. ते दोघे एकच, असं म्हणणारेही आहेत. मला पहिलं वाचन पटतं, पण तुमच्या वहीत दोन्ही लिहून ठेवा.

पाचवी पायरी: शत्रूची बाजू

इस्राएलाच्या शेजारच्या मवाबचा राजा मेशा याची शिळा १८६८ मध्ये जॉर्डनमधल्या धिबान इथे उजेडात आली. आज ती पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. काळ इ. स. पू. नवव्या शतकाचा मध्य. मेशा लिहितो की कमोश आपल्या भूमीवर रागावला म्हणून इस्राएलानं मवाबला छळलं. मग कमोश प्रसन्न झाला आणि मी नबो गाव जिंकून याहवेची पात्रं कमोशपुढे ओढत नेली. देवाचं नाव तेवढं बदला आणि वाचा, शास्ते किंवा राजे यांतलं पान वाटेल. याच मेशाशी झालेल्या लढाईची इस्राएलाकडची हकीकत २ राजे ३ मध्ये आहे. तिथली शेवटची ओवी चुकवू नका. मवाबचा राजा थोरल्या मुलाचा तटावर बळी देतो, इस्राएलावर मोठा कोप होतो आणि सैन्य परत फिरतं. कोप कुणाचा, ते लेखक सांगत नाही.

सहावी पायरी: जमिनीखालचं

पुस्तक यरुशलेमच्या शिकलेल्या पुरुषांनी लिहिलं आणि जपलं. घराघरांत काय चालायचं ते मातीला विचारावं लागतं.

सिनाईच्या वाळवंटात कुंतिल्लेत अज्रूद नावाचा व्यापारी वाटेवरचा एक मुक्काम आहे, काळ साधारण इ. स. पू. ८००. तिथे १९७५-७६ मध्ये खोदकाम झालं. मोठ्या रांजणांवर आशीर्वाद लिहिलेले सापडले: "शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा", "तेमानचा याहवे आणि त्याची अशेरा". हेब्रोनजवळच्या खिर्बेत एल-कोम इथल्या थडग्यातही असाच मजकूर आहे. बातम्यांत याचं शीर्षक "देवाला बायको होती" असं होतं. जरा थांबा. मराठीत आपण "त्याची रखुमाई" म्हणू शकतो, पण बायबलच्या हिब्रूत विशेषनामाला "त्याची" असा प्रत्यय लावत नाहीत. म्हणून काहींच्या मते इथे देवी नाही, तिचं प्रतीक असलेला पवित्र खांब किंवा झाड आहे. खांब असला तरी तो याहवेच्या शेजारी होता आणि त्याच्या नावानं आशीर्वाद मागायला कुणाला संकोच वाटत नव्हता, एवढं नक्की.

यहूदाच्या, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या राज्याच्या, घरांतून इ. स. पू. आठव्या-सातव्या शतकांतल्या मातीच्या छोट्या स्त्रीमूर्ती शेकड्यांनी मिळाल्या आहेत. खाली खांबासारखं अंग, वर हातांनी उचलून धरलेले स्तन. ती अशेरा आहे, की बाळंतपणासाठीचा तोडगा, की आणखी काही, यावर एकमत नाही. यरुशलेममध्येही त्या भरपूर सापडतात.

नेगेवमधल्या अराद किल्ल्यात एक छोटं देऊळ सापडलं. यरुशलेम सोडून दुसरीकडे देऊळ नको असं पुस्तक सांगतं, आणि इथे तर राजाच्याच किल्ल्यात. गाभाऱ्याच्या पायऱ्यांवरच्या दोन वेद्या कुणीतरी आडव्या करून मातीखाली पुरल्या होत्या, फोडल्या नव्हत्या. २०२० मध्ये त्यांच्यावरच्या काजळीचं पृथक्करण प्रसिद्ध झालं: मोठीवर ऊद, लहानीवर गांजा. पुस्तकात याचा अवाक्षरानं उल्लेख नाही.

सातवी पायरी: राजे आणि बायका

यहूदाचा राजा हिज्कीया यानं पितळेचा साप फोडला (२ राजे १८:४). तो मोशेनंच केला होता असं लोक मानत आणि त्याला धूप दाखवत. पुढचा एक राजा योशीया यानं इ. स. पू. ६२२ मध्ये मोठी सफाई काढली, ती २ राजे २२-२३ मध्ये आहे. ती यादी वाचताना दर ओळीला स्वतःला विचारा, हे काढण्याआधी कुठे होतं? अशेरा होती खुद्द यरुशलेमच्या मंदिरात. तिच्यासाठी वस्त्रं विणणाऱ्या बायका होत्या मंदिराच्या आवारात. सूर्याला वाहिलेले घोडे होते मंदिराच्या दाराशी. ते तिथे बसवणारे यहूदाचेच राजे होते, कुणी परके नव्हते.

या सगळ्यात हरलेल्या बाजूचा आवाज फक्त एका ठिकाणी नीट ऐकू येतो. यिर्मया ७:१८ मध्ये आख्खं कुटुंब कामाला लागलेलं आहे: पोरं लाकडं गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बायका कणीक मळतात. कशासाठी? स्वर्गाच्या राणीच्या पोळ्यांसाठी. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम बाबेलच्या हाती पडलं, त्यानंतर इजिप्तमध्ये पळालेल्यांशी संदेष्ट्या यिर्मयाचा वाद झाला (अध्याय ४४). यिर्मया म्हणतो, तुम्ही तिला भजलात म्हणून हे संकट आलं. बायका म्हणतात, उलट आहे. तिला धूप दाखवत होतो तोवर पोटभर खात होतो, बंद केला आणि तलवार नि दुष्काळ आला. पुरावा दोघांचा एकच, निष्कर्ष उलटा. त्या पुढे असंही म्हणतात की आमच्या नवऱ्यांना हे काय माहीत नव्हतं?

आठवी पायरी: यशया ४० ते ५५

हे अध्याय इ. स. पू. आठव्या शतकातल्या यशयाचे नसून बाबेलच्या बंदिवासाच्या (यहूदाचे लोक बाबेलला नेले गेले त्या काळाच्या) शेवटाकडे लिहिले गेले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इराणच्या कोरेश राजाचं नावच त्यांत आहे (४५:१), आणि त्यानं बाबेल घेतलं इ. स. पू. ५३९ मध्ये. समासात "ना" ची रांग इथे लागते. "माझ्याशिवाय देव नाही" हे वाक्य इतक्या उघडपणे, पुन्हा पुन्हा, याआधी आलेलं नाही. अध्याय ४४ मधला सुतार अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्या पाया पडतो. टिंगल जबरदस्त आहे, पण न्यायाची नाही. बाबेलचा भक्त लाकूड हाच देव मानत नव्हता; तिथे मूर्तीत देवत्व यावं म्हणून वेगळे विधी होते.

हे नेमकं पराभवानंतर का घडावं? त्या काळच्या रीतीनं पाहिलं तर याहवे हरला होता. त्याचं घर जळलं, बाबेलचा मर्दूक जिंकला. तसं कबूल करायचं नसेल तर दुसरी वाट एकच उरते: बाबेललाही याहवेनंच वापरलं, आणि आता कोरेशालाही तोच वापरतो आहे. मग इतर देवांना करायला काही कामच राहत नाही. अध्याय ४६ वाचताना बाबेलच्या नववर्षाची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. बेल आणि नबो या देवांच्या मूर्ती जनावरांच्या पाठीवर ओझं झाल्या आहेत. याहवे म्हणतो, तुम्हाला गर्भापासून म्हातारपणापर्यंत मीच वाहून नेतो. नामानाच्या मातीची गरज आता संपली होती.

नववी पायरी: एलिफंटाइन (आपली घारापुरी नव्हे)

इथवर आलं की वाटतं, झाला निकाल. म्हणून हा थांबा शेवटी ठेवलाय. इजिप्तमध्ये अस्वानजवळ नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर इ. स. पू. पाचव्या शतकात ज्यू शिपायांची छावणी होती. त्यांचं याहोचं, म्हणजे याहवेचं, स्वतःचं मंदिर होतं. ते ४१० मध्ये पाडलं गेलं. ते पुन्हा बांधू द्या, असं पत्र त्यांनी ४०७ मध्ये यहूदाच्या सुभेदाराला लिहिलं. आपलं काही चुकतंय असा सूरही त्यात नाही. त्याच वसाहतीतली वर्गणीची यादी मिळाली आहे, माणशी दोन शेकेल (त्या काळचं चलन). शेवटच्या हिशेबात याहोच्या वाट्याला सर्वात जास्त रक्कम, अनत-बेथेल देवीला जवळजवळ तेवढीच, आणि एशेम-बेथेल या देवाला त्याहून कमी. यशयातली ती वाक्यं लिहून झाल्यावर सव्वाशेहून अधिक वर्षांनी हे चाललेलं आहे.

नव्या वाचकाच्या नेहमीच्या चुका

इजिप्तच्या अखेनातेन राजानं इ. स. पू. चौदाव्या शतकात अतेन या सूर्यबिंबाचीच भक्ती लादली, आणि मोशेनं ती तिथून उचलली, अशी गोष्ट तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. दुवा दाखवणारा पुरावा नाही, पुढे चला.

दुसरी चूक खास आपली. "एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति" आठवतं आणि आपण म्हणतो, अरे, हे तर तेच. याहवे आणि एल यांच्याबाबत थोडंफार तसं झालंही. पण बआलबाबत कुणी "नावं वेगळी, देव एकच" म्हटलं असतं तर संदेष्टा एलीया चवताळला असता. समासातला "मि" आणि समासातला "ना" एकच समजू नका.

तिसरी म्हणजे या सगळ्याला जिना समजणं: खाली अडाणी बहुदेववाद, वर शहाणा एकेश्वरवाद. स्तोत्र ८२ मधला गरिबाच्या न्यायाचा आग्रह देवांच्या भरल्या सभेतच मांडलेला आहे.

सरावासाठी

आता १ राजे १८ वाचा, कुणाच्या मदतीशिवाय. तीन वर्षांचा दुष्काळ, कर्मेल डोंगर, बआलचे ४५० संदेष्टे, एकटा एलीया. पैज आग कोण पाडतो याची, पण खरा प्रश्न पाऊस कोणाचा हा आहे, आणि पाऊस हे बआलचं खातं, हे तुम्हाला उगारीतवरून माहीत आहे. लोकांना एलीया विचारतो, दोन्हीकडे किती दिवस लंगडत राहणार? लोक काही बोलत नाहीत. त्या गप्प बसण्याशेजारी वहीत काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.

एलीयाचं हिब्रू नाव एलियाहू. एल आणि याहू: "माझा एल याहू आहे." दोन जुनी नावं एका नावात सांधलेली, आणि तोच माणूस तिसऱ्याला हाकलायला उभा. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, आजही या एलियाहू हन्नाबीला नवस बोलतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा खडकावर दाखवतात, आणि नवस फिटला की पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा करतात. मलिद्याभोवती बसलेले लोक "शेमा" ही प्रार्थना म्हणतात: ऐक, हे इस्राएला, आपला देव एकच.